पॉवर विडरची सुटी इग्निशन कॉइल: घ्यावी का, आणि घेण्याआधी काय तपासावं

पॉवर विडर म्हणजे तण काढणारं छोटं यंत्र. त्याच्या १६८एफ आणि १७०एफ छापाच्या पेट्रोल इंजिनाला बसणारी सुटी इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगी देणारा भाग, आता तालुक्याच्या गावातही सहज मिळते. कृषी यंत्रांच्या दुकानात मिळते, विडर दुरुस्त करणाऱ्याकडे मिळते, ऑनलाइन तर ढिगाने. खोक्यावरचं नाव बहुतेक वेळा अनोळखी असतं आणि खाली ‘जीएक्स१६०, जीएक्स२००, १६८एफ, १७०एफ’ अशी यादी छापलेली असते. सात एचपीचे बहुतेक पेट्रोल विडर, एचटीपी म्हणजे जास्त दाबाचे फवारणी पंप, पाणी उपसायची छोटी इंजिनं ही सगळी याच घराण्यातली. होंडाच्या जीएक्स मालिकेच्या नमुन्यावर ती बेतलेली आहेत, म्हणून कॉइलही एकाची दुसऱ्याला चालते. हे परीक्षण त्या सुट्या कॉइलचं.

निकाल आधीच सांगतो. माल वापरण्याजोगा आहे. ठिणगी व्यवस्थित देतो, बसवायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि १० नंबरचा पाना ज्याला धरता येतो त्याला घरी बसवता येतो. उणिवा तीन: प्लगची टोपी हलकी, वायरचा जोड कच्चा आणि लोखंडी पायांची घडण दर नगाला थोडी वेगळी. तिन्हींवर उपाय आहे. पण पैसे मोजण्याआधी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. विडर चालू होत नाही म्हटलं की कॉइल सगळ्यात आधी बदलली जाते, आणि ती बदलूनही विडर तसाच राहतो, असं फार वेळा घडतं. कॉइलमध्ये हलणारं काही नाही, घासणारं काही नाही. बाकी सगळं तपासून झाल्यावर तिच्याकडे वळायचं असतं. पावसाळ्यात वाफसा दोन-तीन दिवस टिकतो. ते दिवस नको असलेला पार्ट आणण्यात जाऊ नयेत.

ट्रॅक्टरवाल्यांना कॉइल नवीन वाटते याचं कारण साधं आहे. आपल्याकडचा ट्रॅक्टर डिझेलचा. त्यात दाबलेली हवाच इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं, त्याला ठिणगी लागत नाही. ठिणगीवर चालणारे पेट्रोल ट्रॅक्टर एके काळी होते. अमेरिकेतला १९४७ ते १९५२ या काळातला फोर्ड ८एन आणि इंग्लंडमधला फर्ग्युसन टीईए२० ही त्यांतली गाजलेली नावं. त्यांना बॅटरी, पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल असा सगळा संसार होता आणि पॉइंट घासून गॅप बदलला की बिघाड ठरलेला. विडरच्या इंजिनात तो संसार एका काळ्या ठोकळ्यात आला आहे. बॅटरी नाही, पॉइंट नाहीत. म्हणूनच डिझेलमध्ये तयार असलेला मिस्त्रीही इथे अंदाजाने पार्ट बदलू लागतो.

काम कसं चालतं ते माहीत असलं की निदान निम्मं सोपं होतं. फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, कडेला चुंबक बसवलेला असतो. दोरी ओढली की तो कॉइलच्या दोन लोखंडी पायांसमोरून जातो. त्यामुळे आतल्या जाड तारेच्या वेटोळ्यात करंट तयार होतो. आतला ट्रान्झिस्टर तो करंट ऐन वेळी तोडतो आणि बारीक तारेच्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उसळतात. तेच प्लगवर ठिणगी होऊन पडतात. इंजिन बंद करायचं तर जाड तारेचं हे टोक बॉडीला जोडायचं, बस. स्विचकडे जाणारी काळी वायर एवढंच काम करते. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचा पहिला तपास त्यावरच आहे: ती काळी वायर कुठेही बॉडीला टेकली की चांगली कॉइलही मेल्यासारखी दिसते.

म्हणून सुरुवात इथून. कॉइलकडून येणारी काळी वायर जिथे पिनेने जोडलेली आहे तिथे सोडवा. पिनेचं टोक कशाला टेकणार नाही असं बाजूला ठेवा आणि ठिणगी पाहा. आली, तर कॉइल ठीक आहे. दोष स्विचमध्ये, वायरमध्ये किंवा ऑइल सेन्सरमध्ये. उसाच्या पाचटातून, कपाशीच्या पऱ्हाट्यांतून फिरणाऱ्या विडरची वायर सोलली जाणं नेहमीचं. उभ्या मशीनच्या पंख्याच्या कव्हराखाली उंदीर घर करतात आणि पहिला दात वायरलाच लावतात. इंजिन चालू असेल तर या स्थितीत ते स्विचने बंद होणार नाही, म्हणून चोक किंवा पेट्रोलचा कॉक कुठे आहे ते आधी बघून ठेवा.

ऑइल सेन्सर हा दुसरा फसवा. या इंजिनांत ऑइल जेमतेम ०.६ लिटर मावतं. पातळी खाली गेली की सेन्सर कॉइलचा करंट बॉडीकडे वळवतो आणि इंजिन बंद पडतं. उताराच्या रानात विडर तिरका झाला की ऑइल पुरेसं असूनही हेच होऊ शकतं. सपाट जागेवर मशीन ठेवून झाकणाच्या तोंडापर्यंत ऑइल आहे का बघा. नसेल तर भरा. भरूनही ठिणगी नसेल तर सेन्सरची वायर, बहुतेक इंजिनांत ती पिवळी असते, सोडवून बघा. ठिणगी परतली तर सेन्सर अडकलाय. सेन्सर कायमचा काढून टाकायचा सल्ला काही जण देतात, तो ऐकू नका. ऑइलशिवाय चाललेलं इंजिन काही मिनिटांत कनेक्टिंग रॉड खातं आणि त्यापुढे कॉइलची किंमत काहीच नाही.

प्लगचं थोडक्यात. मूळ प्लग बीपीआर६ईएस, बाजारातल्या इंजिनांत बहुधा एफ७टीसी. गॅप ०.७ ते ०.८ मिमी. काळा-कोरडा प्लग म्हणजे चोक जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. ओला प्लग म्हणजे पेट्रोल आलंय पण पेटलं नाही. पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी तडा असली तरी ठिणगी प्लगच्या टोकाला न येता तिथून पळते, आणि ती तडा उन्हात धरून फिरवल्याशिवाय दिसत नाही. प्लगवर शंका असेल तर साफ करत बसू नका, नवा लावा. बसवताना हाताने शेवटपर्यंत फिरवून, नंतर पान्याने नवा प्लग अर्धा फेरा आणि जुना प्लग पाव फेऱ्याच्या आत. जास्त आवळला तर ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात.

ठिणगी बघायची सगळ्यांची पद्धत ठरलेली: प्लग काढायचा, टोपीत खोचायचा, हेडला टेकवायचा, दोरी ओढायची. पद्धत चुकीची नाही, पण तिचा निकाल अर्धा असतो. उघड्या हवेत ०.७ मिमी उडी मारायला कमजोर कॉइलही पुरते. तीच ठिणगी सिलिंडरच्या दाबाखाली विझते. म्हणून गॅप असलेला स्पार्क टेस्टर वापरावा. साधारण ४ मिमीच्या गॅपमधून निळी, टचकन आवाज करणारी ठिणगी प्रत्येक ओढीला पडली तर कॉइल दमदार. पिवळी, बारीक किंवा मधूनच चुकणारी पडली तर पुढे तपासायचं. टेस्टर किंवा प्लग टेकवताना प्लगच्या भोकापासून लांब टेकवा. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगी तिथे पडली तर भडका उडतो. टोपी हाताने धरू नका.

आणि एक गोष्ट कधीच करू नका: टोपी नुसती लोंबकळत ठेवून दोरी ओढणं. आतल्या हजारो व्होल्टना जायला वाट मिळत नाही, ते कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढतात. अशी एकदा फुटलेली कॉइल पुढे त्याच जागी गळत राहते. इंजिन वंगण घेईल म्हणून टोपी काढून दहा वेळा दोरी ओढण्याची सवय काहींना असते. त्यांनी स्विच बंद ठेवून ओढावी, टोपी प्लगवरच राहू द्यावी.

ठिणगी जोरदार आहे, पेट्रोल येतंय, तरी इंजिन पकडत नाही, दोरी हातातून उलटी हिसकते, सायलेन्सरमधून फटाका फुटतो. हा दोष कॉइलचा नाही, फ्लायव्हीलच्या चावीचा. क्रँकशाफ्ट आणि फ्लायव्हील यांच्यामध्ये एक छोटी चावी असते. विडरची पाती दगडात किंवा झाडाच्या बुंध्यात एकदम अडकली की ती अर्धवट कातरली जाते आणि फ्लायव्हील किंचित सरकतं. चुंबक सरकला म्हणजे ठिणगीची वेळ सरकली. या इंजिनांना वेळ जुळवायला दुसरी सोयच नाही. सगळी वेळ त्या चावीवर. मग कितीही कॉइली बदला. फ्लायव्हीलचं १९ नंबरचं नट काढून चावी बघा. नवी चावी बसवल्यावर नट ७५ न्यूटन मीटरला आवळायचं. ढिलं राहिलं तर चावी पुन्हा तुटते.

आता मीटर. या मालासाठी मल्टिमीटर हाच खरा परीक्षक आहे आणि साधा डिजिटल मीटर पुरतो. मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवा आणि येणारा आकडा लिहून ठेवा. ०.२ ते ०.५ ओहम तारांचाच असतो, तो पुढच्या मोजमापातून वजा करायचा. मग काळ्या वायरची पिन आणि कॉइलचा लोखंडी गाभा यांच्यात मोजा. जुन्या जीएक्स१६० आणि जीएक्स२०० च्या वर्कशॉप मॅन्युअलप्रमाणे हा जाड तारेचा आकडा ०.८ ते १.० ओहम हवा. त्यानंतर प्लगची टोपी वायरवरून पिळून काढा आणि वायरची तार ते गाभा असं मोजा. हा बारीक तारेचा आकडा: ५.९ ते ७.१ किलोओहम. टोपी वेगळी मोजा: ७.५ ते १२.५ किलोओहम. टोपीसकट मोजलं तर दोन्हींची बेरीज दिसते आणि चांगली कॉइल खराब म्हणून फेकली जाते. ही चूक सर्रास होते.

लोखंडी गाभ्यावर गंज किंवा वार्निश असेल तर मीटरची टोकं टेकत नाहीत आणि आकडा नाचतो. बोल्टच्या भोकाची कड खरवडून तिथे टेकवा. सुट्या कॉइलींत आतला इलेक्ट्रॉनिक भाग वेगवेगळा असल्याने जाड तारेचा आकडा मॅन्युअलपेक्षा वेगळा येऊ शकतो, उलटसुलट तारा लावल्यावरही बदलू शकतो. त्यावरून लगेच निकाल देऊ नये. बारीक तारेचा आकडा मात्र बोलका असतो. तो अनंत दाखवत असेल तर तार तुटलेली, शंभर-दोनशे ओहमवर उतरला असेल तर आत शॉर्ट. दोन्ही बाबतींत कॉइल गेली. आणि सगळे आकडे बरोबर असले तरी ट्रान्झिस्टर गेलेला असू शकतो, तो मीटरला दिसत नाही. म्हणून मीटर आणि ४ मिमीची ठिणगी या दोन्ही परीक्षा लागतात.

सगळ्यात छळणारा दोष गरम झाल्यावरचा. सकाळी विडर एका ओढीत चालू होतो, अर्धा तास नीट चालतो आणि मग बंद. पंधरा-वीस मिनिटं सावलीत ठेवला की पुन्हा चालू. कॉइलच्या आतल्या तारेत किंवा झाळणीत बारीक तडा असतो. गरम झालं की तो उघडतो, थंड झालं की मिटतो. पण अगदी हेच लक्षण इतर दोषांचंही आहे. टाकीच्या झाकणातलं हवेचं छिद्र चिखलाने बुजलं की पेट्रोल हळूहळू उतरायचं थांबतं. बंद पडल्याबरोबर झाकण सैल करा. फुस्स आवाज आला आणि लगेच चालू झालं तर झाकण साफ करा, कॉइल घेऊ नका. व्हॉल्व्हचा गॅप संपला तरी गरम झाल्यावर दाब जातो. जुन्या जीएक्समध्ये थंड इंजिनावर इनटेक ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० मिमी असा तो असतो.

खात्री करायची सोपी युक्ती अशी. प्लग आणि टोपी यांच्यामध्ये बसणारा छोट्या दिव्याचा टेस्टर मिळतो. तो लावूनच विडर चालवा आणि दिव्याकडे लक्ष ठेवा. इंजिन मरायला लागेल तेव्हा दिवा शेवटच्या फेऱ्यापर्यंत लुकलुकत राहिला, तर करंट येत होता आणि पेट्रोलच कमी पडलं. दिवा आधी विझला आणि इंजिन त्यानंतर फिरत फिरत थांबलं, तर दोष करंटचा. त्याच क्षणी, थंड होण्याआधी, काळी वायर सोडवून दोरी ओढा. ठिणगी आली तर वायरिंग, नाही आली तर कॉइल. इतकं स्पष्ट उत्तर दुसरी कुठलीही परीक्षा देत नाही. कॉइल टेबलावर काढलेली असेल तर केस वाळवायच्या ड्रायरने ती तापवत बारीक तारेचा ओहम बघत राहावं. आकडा एकदम अनंतावर उडी मारतो का ते दिसतं.

कॉइल गेलीच असेल तर ती का गेली हेही बघायला हवं, नाहीतर नवीही जाईल. पहिलं कारण उष्णता. पंख्याची हवा सिलिंडरच्या पंखांमधून जाते आणि कॉइल त्यांच्या शेजारीच बसलेली असते. कव्हर काढलं की पंखांमध्ये पाचट, धूळ आणि ऑइल यांचा दाबून बसलेला थर दिसतो. तो काढला नाही तर कॉइल रोज भाजते. दुसरं कारण करंट उलटा जाणं. विडरला एलईडी दिवा लावायचा म्हणून कुणी बॅटरी जोडतं आणि तिची वायर चुकून काळ्या वायरला लागते. १२ व्होल्ट त्या वायरवर गेले की आतला ट्रान्झिस्टर तिथल्या तिथे जातो. काळी वायर फक्त बॉडीला टेकवायची असते, तिच्यातून करंट घ्यायचाही नाही आणि द्यायचाही नाही. तिसरं कारण, पावसात धुतलेलं मशीन तसंच उभं ठेवणं. कॉइलचे पाय आणि चुंबकाची पट्टी गंजते, गंजाच्या पापुद्र्याने गॅप भरतो आणि पुढे पाय फ्लायव्हीलला घासतात.

पावसाळ्याआधी विडर बाहेर काढला आणि तो चालूच झाला नाही, तर कॉइलचा विचारही करू नका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल चार-सहा महिने कार्बोरेटरमध्ये राहिलं की ओल धरतं आणि जेट बुजतं. आधी कार्बोरेटरच्या तळातला ड्रेन बोल्ट काढून ताजं पेट्रोल घाला.

आता खोका उघडू. हातात घेतल्यावर आधी लोखंडी पत्र्यांची थप्पी बघा. गाभा पातळ पत्रे एकावर एक ठेवून बनवलेला असतो. पत्रे सरळ, एकसंध आणि पायांची गोलाई गुळगुळीत हवी. स्वस्त नगांत कडेचा पत्रा बाहेर आलेला सापडतो. तो फ्लायव्हीलला लागतो. कानसीने घासून तो सारखा करता येतो, पण पत्रे एकमेकांपासून सुटे झाले असतील तर नग परत करा. मग काळ्या ठोकळ्याचा भरलेला राळेचा भाग बघा. तो काठापर्यंत भरलेला, बुडबुडे आणि भेगा नसलेला हवा. बुडबुड्यातून ओल शिरते आणि पहिल्याच पावसाळ्यात कॉइल गळायला लागते. वायर ठोकळ्यातून बाहेर येते तिथे हलकेच वाकवून बघा. जोड हलत असेल, तिथे फट दिसत असेल तर तो नग नको. विडरच्या हादऱ्याने पहिली तुटते ती तीच जागा.

टोपी हा या मालाचा सगळ्यात कच्चा भाग. रबर लवकर कडक होतं, आतली स्प्रिंग प्लगच्या डोक्याला घट्ट धरत नाही. टोपी वायरवर स्क्रूसारखी पिळून बसवलेली असते. सैल वाटली तर काढा, वायरचं टोक ५ मिमी कापा, म्हणजे ताजी तार वर येते, आणि टोपी घड्याळाच्या दिशेने पिळत घट्ट बसवा. तरीही हलत असेल तर जुन्या मूळ कॉइलची टोपी काढून हिला लावा. मूळ टोपी ओहममध्ये बरोबर असेल तर ती नव्या सुट्या टोपीपेक्षा सरस असते. जुनी कॉइल भंगारात टाकण्याआधी एवढं जरूर करा.

बसवणं. दोरी असलेल्या स्टार्टरचे आणि पंख्याच्या कव्हराचे १० नंबरचे बोल्ट काढा, स्विचची वायर सोडवा, कव्हर उचला. जुन्या कॉइलचा मोबाइलवर फोटो घ्या: पिन कोणत्या बाजूला, प्लगची वायर कुठून गेलीय. कॉइल उलटी बसू शकते आणि उलटी बसली की ठिणगी कमजोर येते किंवा येतच नाही, म्हणून हा फोटो लागतो. इंजिनवरच्या ज्या दोन खांबांवर कॉइल बसते त्यांचा गंज आणि रंग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा. कॉइलचा बॉडीचा करंट याच बोल्टांतून जातो. चुंबकाची पट्टीही तशीच घासून फडक्याने पुसा.

कॉइलचे पाय आणि फ्लायव्हील यांच्यातला गॅप ०.४ मिमी, त्यात ०.२ कमी-जास्त चालतं. फ्लायव्हील फिरवून चुंबक कॉइलपासून लांब करा, नवी कॉइल वर सरकवून दोन्ही बोल्ट हाताने सैल लावा. आता पायांखाली ०.४ मिमीची पितळी किंवा प्लॅस्टिकची पट्टी ठेवा. लोखंडी फिलर गेज चुंबकाला चिकटून अंदाज चुकवतं. पट्टी नसेल तर साधं व्हिजिटिंग कार्ड साधारण ०.३ मिमी भरतं, तेही चालतं. चुंबक पायांखाली आणा. तो कॉइलला स्वतःच ओढून कार्डावर दाबून बसवतो, आणि त्या स्थितीत दोन्ही बोल्ट १० न्यूटन मीटरला, म्हणजे छोट्या पान्याने मनगटाच्या जोरावर, आवळा. फ्लायव्हील फिरवून कार्ड बाहेर काढा. नंतर दोन्ही पायांखालचा गॅप वेगवेगळा बघा. सुट्या कॉइलचं मुख्य दुखणं इथेच कळतं: एका पायाखाली कार्ड घट्ट आणि दुसऱ्याखाली सैल. बोल्टची भोकं थोडी मोठी असतात, त्यात कॉइल तिरकी करून दोन्ही बाजू सारख्या करता येतात. भोकात पाना-पेचकस घालून कॉइल वाकवू नका. शेवटी फ्लायव्हील हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठेही खरखर नको.

वायर कव्हराच्या खाचेतून तशीच परत न्या आणि सायलेन्सरपासून लांब ठेवा. कव्हर बंद करताना वायर मध्ये चिमटली गेली तर नवी कॉइल पहिल्याच दिवशी मेल्यासारखी दिसेल.

मूळ कंपनीची कॉइल की सुटी? इंजिन मूळ जीएक्स असेल आणि विडर रोज भाड्याने चालत असेल, तर मूळच घ्या. तिची किंमत सुट्या कॉइलच्या कित्येक पट असते, पण टोपी, वायर आणि राळ तिन्ही बाबतींत ती वरचढ आहे आणि पायांची घडण इतकी नेमकी असते की गॅप एका प्रयत्नात बसतो. हंगामाला वीस-पंचवीस तास चालणाऱ्या घरच्या १७०एफ विडरला सुटी कॉइल पुरेशी आहे. वाचलेल्या पैशांत एक प्लग आणि दिव्याचा टेस्टर घेऊन ठेवा. लाल रंगाच्या, ‘रेसिंग’ किंवा ‘हाय पॉवर’ लिहिलेल्या कॉइलवर जास्तीचे पैसे घालू नका. विडरचं इंजिन गव्हर्नरच्या, म्हणजे वेग आवरणाऱ्या भागाच्या, ताब्यात चालतं. ठिणगी पेट्रोल पेटवते, ताकद वाढवत नाही.

खोक्यावर सगळी नावं छापली म्हणून ती सगळ्यांना बसते असंही नाही. १८८एफ किंवा १९०एफ छापाच्या मोठ्या इंजिनाचं फ्लायव्हील मोठं, त्यामुळे पायांची गोलाई वेगळी. पाठीवरच्या ग्रास कटरचं दोन-स्ट्रोक इंजिन तर पूर्ण वेगळं, त्याची कॉइल इथे नको आणि ही तिथे नको. दुकानात जाताना जुनी कॉइल सोबत न्या, दोन भोकांमधलं अंतर आणि पायांची उंची शेजारी ठेवून जुळवा. नवे दोन-तीन नग मागून घ्या, काउंटरवरच प्रत्येकाचा बारीक तारेचा ओहम मोजा आणि बिलावर मॉडेलचं नाव लिहून घ्या. इलेक्ट्रिकचा पार्ट परत घेत नाही, ही पाटी बहुतेक दुकानांत असते, म्हणून मीटर खिशात असू द्या.